नदीखोऱ्यातील सायकलमार्ग: काठाला चिकटून राहण्याचा आग्रह नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नद्यांच्या खोऱ्यांतून, खेड्यापाड्यांवरून जाणाऱ्या दूर पल्ल्याच्या सायकलमार्गांविषयी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत अलीकडे वरचेवर लिहून येते. हे मार्ग लोकांपर्यंत पोहोचावेत असे मला मनापासून वाटते, म्हणूनच त्यासंबंधीची एक समजूत मला खटकते. नदीच्या पाण्याला शक्य तितके लगटून सिमेंटचा किंवा डांबराचा नवा पट्टा टाकला, दोन टोकांना फलक उभारले आणि लांबीचा आकडा जाहीर केला की सायकलमार्ग तयार झाला, असे आखणाऱ्यांनाही वाटते आणि लिहिणाऱ्यांनाही. माझे म्हणणे असे की, ग्रामीण खोऱ्यात सायकलप्रवाशाला लागणारा बहुतेक मार्ग आधीपासूनच जमिनीवर असतो. गावांना जोडणारे कमी वाहतुकीचे रस्ते, शेतांकडे जाणाऱ्या वाटा, बंद पडलेले लोहमार्ग, कालव्यांच्या कडेच्या वाटा हे सगळे तिथे असते. ते पारखून निवडणे, मधले तुटलेले दुवे जोडणे, खुणा लावणे आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांची निगा राखणे हे खरे काम आहे, आणि नेमके तेच सर्वांत कमी होते.

काठाचा आग्रह का धरू नये, हे नदीच्या खोऱ्याची रचनाच सांगते. नदी डोंगराळ भाग सोडून रुंद खोऱ्यात उतरली की तिच्या दोन्ही बाजूंना पुराच्या गाळाने भरलेली सपाट जमीन असते. त्यापलीकडे, थोड्या उंचीवर, नदी पूर्वी वरच्या पातळीवरून वाहत असताना तयार झालेल्या जुन्या पायऱ्या असतात. आणि त्यांच्याही पलीकडे खोऱ्याची चढती बाजू सुरू होते. जुनी गावे बहुधा या पायऱ्यांच्या कडेला वसलेली आढळतात, कारण तिथे पाणी हाताशी असते आणि पूर मात्र सहसा दारापर्यंत येत नाही. अशा गावांना एकमेकांशी जोडणारा रस्ताही त्याच पातळीवरून, फारसा चढउतार न घेता जातो. सायकलप्रवाशाला दिवसभरात जे काही लागते ते सगळे, म्हणजे पिण्याचे पाणी, सावली, खाण्याची सोय, दुरुस्तीला मदत करू शकेल असा माणूस, याच रस्त्यावर मिळते. उलट काठावरची जमीन ओली आणि भुसभुशीत असते. नदी प्रत्येक वळणाच्या बाहेरच्या बाजूला काठ कापत असते आणि आतल्या बाजूला गाळ टाकत असते. दृश्य चांगले दिसते म्हणून बाहेरच्या काठावर बांधलेली वाट काही वर्षांनी खालून पोखरली जाते, यात नवल काहीच नाही.

याचा अर्थ कोणताही गावरस्ता डोळे झाकून निवडावा असा नाही. नदीकाठचा प्रवास म्हणजे सपाट प्रवास, ही दुसरी समजूत तितकीच फसवी आहे. रस्ता खोऱ्याच्या बाजूवर, मध्यावर कुठेतरी काढलेला असेल, तर मुख्य नदीला मिळणारा प्रत्येक ओढा आणि प्रत्येक उपनदी त्याला आडवी येते. रस्ता तिच्या घळीत उतरतो, पूल ओलांडतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. नकाशावर असा रस्ता नदीला समांतर आणि निरुपद्रवी दिसतो. चाळीस मीटरांची अशी घळ एका दिवसात बारा वेळा आली, तर चढाईची बेरीज जवळजवळ ५०० मीटर होते, आणि संध्याकाळी प्रवासी सकाळपेक्षा खालच्या पातळीवर असूनही दमलेला असतो. चालक, सायकल आणि सामान मिळून १०० किलो भार धरला, तर ५ टक्के चढावर सुमारे ५ किलो वजन सतत वर ओढत राहावे इतके बळ केवळ चढासाठी खर्च होते. म्हणून मार्गाची लांबी सांगताना त्या मार्गावरची एकूण चढाईही सांगितली पाहिजे, आणि ती टप्प्याटप्प्याने सांगितली पाहिजे. दोन टोकांच्या उंचीतला फरक सांगून भागत नाही. आखणी करणाऱ्यानेही हाच हिशेब करावा: दोन काठांपैकी ज्या बाजूला उपनद्या कमी किंवा लहान, ती बाजू बहुतेक वेळा सायकलला सोयीची असते, मग दुसऱ्या बाजूचे दृश्य कितीही मोहक असो.

नवे बांधकाम खरोखर कुठे हवे, तर जिथे खोरे आवळले जाते तिथे. दोन्ही बाजूंचे डोंगर नदीला भिडतात, आणि नदी, लोहमार्ग व मुख्य रस्ता यांना एकाच चिंचोळ्या जागेतून जावे लागते. इथे गावरस्ता नसतोच. असतो तो अवजड वाहनांनी भरलेला एकमेव रस्ता, आणि सामान लादलेल्या सायकलस्वाराला त्याच्या कडेने जीव मुठीत धरून जावे लागते. माझ्या मते एखाद्या मार्गाचा सगळा बांधकाम खर्च अशा थोड्या किलोमीटरांवर एकवटला, तरी तो योग्य ठरेल. प्रत्यक्षात याच्या उलट घडते, कारण मोकळ्या मैदानातला पट्टा स्वस्तात आणि लवकर होतो, आणि घळीतला अवघड दुवा पुढच्या टप्प्यासाठी म्हणून ठेवला जातो. तो टप्पा येईपर्यंत मार्ग वापरण्याजोगा होत नाही, कारण प्रवासी बहुधा आपला निर्णय सर्वांत धोकादायक भाग पाहूनच घेतो.

अशा ठिकाणी पूल किंवा बोगदाच हवा असेही नाही. जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियातील व्हिएन्नापर्यंतचा डॅन्यूबकाठचा मार्ग ३०० किलोमीटरांहून थोडा अधिक आहे आणि युरोपातल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मार्गांत त्याची गणना होते. त्याचा बराच भाग एकेकाळी प्रवाहाविरुद्ध बोटी ओढून नेणाऱ्या घोड्यांसाठी केलेल्या वाटांवरून जातो. श्लोगेन या गावाजवळ नदी जंगलाने झाकलेल्या डोंगरातून जवळजवळ पूर्ण उलटी वळते, आणि तिथे उत्तर काठाला सलग वाटच नाही, कारण उतार थेट पाण्यात उतरतो. त्या ठिकाणी डोंगर फोडण्यात आला नाही. सायकली घेऊन काठाकाठाने जाणारी छोटी बोट तेवढा तुकडा पार करून देते, आणि इतरत्रही या काठावरून त्या काठावर नेणाऱ्या नावा आहेत. नाव ही खोऱ्यातल्या सायकलमार्गाची अतिशय उपयुक्त सोय आहे. तिच्यामुळे मार्ग प्रत्येक टप्प्यावर दोन काठांपैकी चांगला काठ निवडू शकतो. मात्र ती कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या वेळेत चालते हे मार्गावर दोन्ही बाजूंनी पुरेसे आधी लिहिलेले असले पाहिजे, नाहीतर बंद धक्क्यावर पोहोचलेल्या प्रवाशाला आलेल्या वाटेने परत फिरावे लागते.

मोझेल नदीचे उदाहरण वेगळ्या कारणाने सांगण्यासारखे आहे. जर्मनीतील ट्रिअर ते कोब्लेंझ हे अंतर नदीच्या वळणांनी जाताना सुमारे १९० किलोमीटर भरते. सरळ रेषेत ते त्याच्या जवळजवळ निम्मे आहे. लोहमार्ग बांधणाऱ्यांना ही वळणे परवडणारी नव्हती, म्हणून कोखेमजवळ त्यांनी चार किलोमीटरांहून लांब बोगदा खणून नदीचा वीस किलोमीटरांहून मोठा वळसा एका झटक्यात टाळला; १८७० च्या दशकातले हे काम आहे. सायकलमार्ग मात्र त्या वळशानेच जातो, द्राक्षमळ्यांखालून आणि एकामागून एक लागणाऱ्या गावांतून. ज्याला वेळ नाही किंवा ज्याचे पाय थकले आहेत, तो आगगाडीने तेवढा भाग ओलांडू शकतो. खोऱ्यातला लोहमार्ग आणि खोऱ्यातला सायकलमार्ग एकमेकांना किती पूरक ठरतात हे इथे स्पष्ट दिसते. नदीचा मार्ग रेषेसारखा असतो, तो फिरून सुरुवातीला येत नाही. त्यामुळे गाडीत सायकल नेण्याची सोय नसेल तर प्रवाशापुढे परतीचा प्रश्न उभा राहतो. ज्या खोऱ्यात स्थानके आहेत, तिथे सायकलमार्गाचे टप्पे स्थानकांच्या हिशेबाने आखावेत आणि गाड्यांमध्ये सामानासकट सायकलींसाठी जागा राखावी. एवढ्या दोन गोष्टी झाल्या तर वयस्कर माणसे, मुलांना घेऊन निघालेली कुटुंबे आणि प्रथमच निघालेले प्रवासी यांच्यासाठी तो मार्ग खुला होतो.

बंद पडलेले लोहमार्ग आणि जुने कालवे यांच्याविषयी मला विशेष आस्था आहे, कारण तिथे चढाचा प्रश्न शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांनी आधीच सोडवून ठेवलेला असतो. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, म्हणून मुख्य मार्गांवर उतार शक्यतो दोन टक्क्यांच्या आत ठेवला जाई. अमेरिकेतील पिट्सबर्ग ते कंबरलँड हा सुमारे २४० किलोमीटरांचा ग्रेट ॲलेगेनी पॅसेज नद्यांच्या खोऱ्यांतून, जुन्या लोहमार्गांच्या भरावांवरून, बोगद्यांतून आणि पुलांवरून जातो आणि वाटेत अटलांटिकला मिळणाऱ्या व मेक्सिकोच्या आखाताला मिळणाऱ्या पाण्याचा दुभाजक ओलांडतो. कंबरलँडच्या बाजूने तो दुभाजक गाठताना जेमतेम ३८ किलोमीटरांत ५०० मीटरांहून अधिक उंची चढावी लागते, आणि तरीही चढ इतका सम आहे की सामान घेऊन चाललेला सामान्य माणूसही न उतरता वर पोहोचतो. कंबरलँडला या मार्गाला पोटोमॅक नदीच्या काठची चेसापीक-ओहायो कालव्याची सुमारे २९७ किलोमीटरांची वाट जोडलेली आहे, ती थेट वॉशिंग्टनपर्यंत जाते. दोन निराळ्या काळांतली, निराळ्या हेतूंनी केलेली आणि दोन्ही मोडीत निघालेली कामे जोडून हा सलग प्रवास साधला गेला आहे. आखणी म्हणजे जोडणी, हे मी म्हणतो ते याच अर्थाने.

त्याच कालव्याची कहाणी पुराच्या बाबतीतही बोलकी आहे. पोटोमॅकच्या पुरांनी तो अनेकदा फोडला, आणि १९२४ च्या पुरानंतर त्यावरची वाहतूक कायमची थांबली. नदीच्या अगदी जवळ काहीही बांधले की नदी ते कधी ना कधी मागणारच, हे गृहीत धरून काम करावे लागते. एल्बे नदीच्या खोऱ्यात २००२ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०१३ च्या जूनमध्ये आलेल्या महापुरांनी काठावरच्या गावांबरोबर तिथला प्रसिद्ध सायकलमार्गही पाण्याखाली घातला. २०२१ च्या जुलैमध्ये जर्मनीतल्या आर नदीच्या अरुंद खोऱ्यात तर एका रात्रीत पूल, लोहमार्ग, घरे आणि सायकलची वाट वाहून गेली. माणसांची हानी इतकी मोठी होती की त्यापुढे वाटेचा उल्लेख करतानाही संकोच वाटतो. पण आखणीच्या दृष्टीने त्यातून घ्यायचे ते घेतलेच पाहिजे. खोऱ्यातल्या प्रत्येक मार्गाला, निदान त्याच्या सखल भागांत, दोन रेषा हव्यात: एक कोरड्या दिवसांसाठी नदीजवळून जाणारी आणि दुसरी पाणी चढल्यावर वापरायची, वरच्या पायरीवरच्या गावरस्त्याने जाणारी. दुसरी रेषाही पहिलीइतक्याच काळजीने खुणांनी दाखवलेली असावी आणि नकाशात छापलेली असावी. पाणी आल्यावर काठीला बांधलेला ‘रस्ता बंद’ असा फलक पुरत नाही. प्रवासी परक्या मुलखात असतो, त्याला पुढे कुठून जायचे ते सांगावे लागते. आणि खालची रेषा सिमेंटची करण्याचा हट्टही सोडून द्यावा. पाणी ओसरल्यावर दाबलेल्या खडीची वाट थोड्या मजुरीत पूर्ववत करता येते, पण खालून माती वाहून गेलेला सिमेंटचा थर मात्र तुटलेल्या फळ्यांसारखा अधांतरी लोंबत राहतो आणि तो काढण्याचाच खर्च नव्या वाटेहून जास्त होतो.

काठाने सलग बांधलेल्या मार्गाचे एक मोठे उदाहरण दक्षिण कोरियात आहे. तिथल्या सरकारने २००९ पासून चार मोठ्या नद्यांवर १६ बंधारे घालण्याचा प्रकल्प राबवला, आणि त्याच्या जोडीने काठांवर सायकलचे रस्ते झाले. २०१२ मध्ये खुला झालेला इंचॉन ते बुसान हा ६३३ किलोमीटरांचा मार्ग त्यातूनच साकारला. मार्गावर ठिकठिकाणी लाल खोपटी आहेत. तिथे प्रवासी आपल्या छोट्या पुस्तिकेत शिक्के उमटवून घेतात आणि मार्ग पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मिळवतात. ही कल्पना लहानथोरांना आवडली, आणि मार्गाची सलगता वाखाणण्याजोगी आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण त्या बंधाऱ्यांमुळे साठलेल्या पाण्यावर शेवाळाचे हिरवे थर येऊ लागले आणि त्यावरचा वाद तिथे वर्षानुवर्षे चालू राहिला. सायकलची वाट ही नदीला बांधून काढण्याच्या कामाची शोभा म्हणून मिळणार असेल, तर सायकल चालवणाऱ्यांनी ती नाकारावी, असे माझे स्पष्ट मत आहे. याच मार्गाचा मला आवडणारा भाग नदीकाठचा नाहीच. हान आणि नाकडाँग या दोन खोऱ्यांमधली इह्वार्‌याँग ही ५४८ मीटर उंचीची खिंड मार्ग जुन्या घाटरस्त्याने ओलांडतो. मोटारी आता नव्या मार्गाने आणि बोगद्याने जातात. जुना रस्ता वाहतुकीतून मोकळा झाला, की तो सायकलसाठी राखून ठेवणे हीसुद्धा जोडणीच आहे, आणि ती जवळपास फुकट मिळते.

प्रवासाची दिशा हा विषय थोडक्यात सांगण्यासारखा असला तरी वगळण्यासारखा नाही. नदीच्या प्रवाहाबरोबर जावे म्हणजे उतार मिळतो, असा सल्ला सर्रास दिला जातो. पासाऊ ते व्हिएन्ना या साऱ्या अंतरात डॅन्यूब जेमतेम दीडशे मीटर उतरते. तीनशे किलोमीटरांवर पसरलेला तो उतार पायांना जाणवणारही नाही. त्या दिशेने जाणाऱ्याला खरी मदत होते ती पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांची. फ्रान्समध्ये लोआर नदी ऑर्लेआँनंतर पश्चिमेला समुद्राकडे जाते, त्यामुळे तिच्या प्रवाहाबरोबर निघालेल्याच्या तोंडावरच बहुधा वारा असतो. रोन नदीच्या खोऱ्यात उत्तरेकडून येणारा मिस्त्राल नावाचा जोरदार वारा दक्षिणेला जाणाऱ्याला ढकलत नेतो आणि उत्तरेला जाणाऱ्याला अक्षरशः थांबवतो. ताशी १८ किलोमीटर वेगाने चाललेल्या माणसासमोर तितक्याच वेगाचा वारा आला, तर हवेचा विरोध चौपट होतो. रुंद पिशव्या लावलेल्या सायकलला तो आणखी जाणवतो. डोंगरांमधल्या खोऱ्यांत स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारी वारा खालून वर, खोऱ्याच्या माथ्याकडे वाहतो आणि रात्री उलट फिरतो. म्हणजे अशा ठिकाणी खाली उतरणाऱ्यानेही सकाळी लवकर निघावे, दुपारी उतार असूनही पायडल मारावे लागेल.

खुणांच्या बाबतीत एक कल्पना मला फार मोलाची वाटते. बेल्जियमच्या लिंबर्ग प्रांतात ह्यूगो बोलेन या खाण अभियंत्याने १९९५ मध्ये सायकलवाटांच्या प्रत्येक छेदबिंदूला क्रमांक देण्याची पद्धत पुढे आणली. खाणीतल्या भुयारांच्या जाळ्यात वाट दाखवण्याची जी रीत असते, तिच्यावरून त्यांना ती सुचली होती. प्रत्येक चौकावर त्या चौकाचा क्रमांक आणि तिथून पुढच्या चौकांचे क्रमांक बाणांसह दिलेले असतात. प्रवासी आपल्याला हवे ते क्रमांक चिठ्ठीवर लिहून घेतो आणि निघतो. पुढे ही पद्धत बेल्जियमच्या फ्लेमिश भागात आणि नेदरलँड्समध्ये सगळीकडे पसरली. नदीखोऱ्याला ती विशेष जुळते, कारण खोरे ही एकच रेषा नसते. दोन काठांचे रस्ते, मधले पूल आणि नावा, उपनद्यांच्या खोऱ्यांत शिरणाऱ्या वाटा असे ते जाळेच असते. एकाच ठरावीक मार्गाची जाहिरात केली की सगळी गर्दी आणि सगळी कमाई त्याच रेषेवरच्या मोजक्या गावांत जमा होते, आणि आडबाजूची खोरी ओस राहतात. क्रमांकांच्या जाळ्यात प्रवासी स्वतःचा मार्ग स्वतः जुळवतो, पूर आला किंवा पूल दुरुस्तीला निघाला तर शेजारच्या क्रमांकावरून वळसा घेतो, आणि मोबाइलची बॅटरी संपली तरी अडत नाही. यासाठी लागतात ते खांब, पाट्या आणि वर्षातून एकदोनदा प्रत्येक पाटी जागेवर आहे का हे सायकलवरून जाऊन पाहणारी माणसे.

ही पाहणी करणारी माणसे नसली की काय होते, याचा प्रामाणिक हिशेब ब्रिटनमध्ये मांडला गेला. तिथल्या राष्ट्रीय सायकल जाळ्याची जबाबदारी असलेल्या सस्ट्रान्स या संस्थेने २०१८ मध्ये स्वतःच्याच मार्गांची तपासणी प्रसिद्ध केली आणि ४२ टक्के मार्ग अतिशय निकृष्ट असल्याचे जाहीर केले. पुढे २०२० मध्ये जाळ्यातला सुमारे पाव भाग, प्रामुख्याने वेगवान वाहतुकीच्या रस्त्यांवरचा, एकतर वगळला गेला किंवा केवळ अनुभवी सायकलस्वारांसाठी म्हणून वेगळ्या वर्गात टाकला गेला. स्वतःच्या नकाशावरची लांबी स्वतः होऊन कमी करणे सोपे नसते, आणि या निर्णयाबद्दल मला त्या संस्थेविषयी आदर वाटतो. किलोमीटरांचा आकडा वाढवत नेण्याच्या स्पर्धेत असलेल्या प्रत्येक यंत्रणेने हे उदाहरण समोर ठेवावे. ज्या दिवशी मार्गाचे उद्घाटन होते त्याच दिवशी त्याची देखभाल कोण करणार, त्यासाठीचा पैसा आणि वेळापत्रक हे ठरलेले असावे. खोरे अनेक प्रशासकीय हद्दींतून जाते, म्हणून हद्दीगणिक निगा बदलू नये यासाठी एकच जबाबदार कार्यालय असावे. लोआरकाठच्या सुमारे ९०० किलोमीटरांच्या मार्गासाठी दोन प्रांतांनी एकत्र येऊन काम केले, त्यामुळे प्रवाशाला प्रांताची हद्द कुठे संपली हे खुणांवरून जाणवत नाही.

मुक्कामाच्या बाबतीत फार मोठ्या सोयी लागत नाहीत. जर्मन सायकलस्वारांच्या संघटनेने १९९० च्या दशकात सुरू केलेल्या योजनेत सहभागी होणाऱ्या घरांना आणि हॉटेलांना एक साधी अट आहे: सायकलवरून आलेल्या पाहुण्याला एका रात्रीसाठीही जागा द्यायची. फ्रान्समधल्या तशाच योजनेत राहण्याचे ठिकाण मार्गापासून पाच किलोमीटरांच्या आत असावे आणि सायकल कुलपात ठेवण्याची सोय व दुरुस्तीची जुजबी साधने तिथे असावीत, असे ठरलेले आहे. ओले कपडे वाळवायला जागा, सकाळी लवकर न्याहारी, पुढच्या गावातल्या मुक्कामाला फोन करून देण्याची तयारी, एवढ्यावर प्रवासी समाधानी असतो. लहान गावातल्या एखाद्या कुटुंबाला यातून मिळणारे उत्पन्न मोठे नसेल, पण ते हंगामभर टिकते आणि मधल्या माणसाशिवाय थेट घरात येते.

शेतकऱ्यांचा विचार मात्र या चर्चेत हमखास मागे पडतो. खोऱ्यातली जमीन कसदार असते आणि गावरस्त्यांवर पहिला हक्क तिथे काम करणाऱ्यांचा असतो. कापणीच्या दिवसांत रस्त्यावर चिखल येणार, रुंद अवजारे येणार, गुरे आडवी येणार. सायकलस्वाराने थांबावे, वाट द्यावी, उघडे फाटक उघडे आणि बंद फाटक बंद ठेवून पुढे जावे. त्याचप्रमाणे शेतवाटांवर मोटारी शिरू नयेत म्हणून बसवलेले लोखंडी अडसर इतके अरुंद नसावेत की मागे पिशव्या किंवा लहान मुलाची गाडी लावलेली सायकल उचलूनच न्यावी लागेल. दोन खांबांमध्ये दीड मीटर मोकळी जागा ठेवली तर मोटार अडते आणि भारलेली सायकल सहज जाते. आणि नदीतल्या वाळूच्या बेटांवर पक्षी घरटी करतात त्या महिन्यांत, लोआरमध्ये कुररी पक्षी करतात तसे, वाट त्यांच्यापासून दूर वळवण्यात प्रवाशाचे काहीही बिघडत नाही.

आपल्याकडे माझी एक विनंती आहे. सायकलप्रवासाच्या मार्गांवरचे लेख छापताना छायाचित्रे आणि एकूण लांबी यांच्याबरोबर काही माहिती न चुकता द्यावी: टप्प्यागणिक एकूण चढाई किती, रस्त्याचा पृष्ठभाग कुठे डांबरी आणि कुठे खडीचा, मुख्य रस्त्यावरून वाहतुकीबरोबर जावे लागणारे तुकडे कोणते आणि किती लांबीचे, त्या हंगामात वारा सहसा कुठल्या दिशेने असतो, नावा कोणत्या महिन्यांत चालतात, पूर आल्यास पर्यायी रस्ता कोणता, कोणत्या स्थानकांवरून सायकल गाडीत चढवता येते, आणि मार्गावर काही मोडले असेल तर ते कोणाला कळवायचे. लेखकाला यातले काही ठाऊक नसेल तर त्याने ते मार्गाच्या व्यवस्थापकांकडून मागून घ्यावे. वृत्तपत्रे ही माहिती नेमाने मागू लागली, तर मार्ग जाहीर करणाऱ्यांनाही ती आधी गोळा करून ठेवावी लागेल, आणि ती गोळा करण्यासाठी त्यांच्यातल्या कोणाला तरी एकदा सगळा मार्ग सामानासह सायकलवरून पार करावा लागेल.

आपला विश्वासू,
एक वाचक